कमिटीवर नाव आलं, आता पुढे काय? रुग्णांच्या छोट्या संघटनेत काम करणाऱ्यांसाठी

आमच्या तालुक्याच्या गावातल्या उपजिल्हा रुग्णालयात डायलिसिस विभागाच्या बाहेर एक लांब सिमेंटचा बाक आहे. पेशंट आत चार तास मशीनवर, आपण बाहेर. डबे तिथेच उघडतात, चार्जरसाठी भांडणं तिथेच होतात आणि आमची संघटनाही तिथेच सुरू झाली. माझी बायको डायलिसिसला जायची म्हणून मी त्या बाकावर. बँकेतून रिटायर झालेला, हिशेब येतो, म्हणून आधी खजिनदार केलं आणि नंतर कुणी तयार होईना म्हणून सचिव. नऊ वर्षं झाली. पगार नाही, मानधन नाही, एसटीचं तिकीट दाखवलं तर तेवढे पैसे मिळतात.

मध्यंतरी शेजारच्या तालुक्यातल्या दोघातिघांनी विचारलं की आमच्याकडेही अशी संघटना झालीय, कमिटीवर नाव टाकलंय, पण नक्की करायचं काय असतं? फोनवर सांगून सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढतोय. सगळं आमच्या चुकांतून आलेलं आहे. तुमच्याकडे आजार वेगळा असेल, थॅलेसेमिया असेल, कॅन्सर असेल, मानसिक आजाराच्या पेशंटचे पालक असतील, तरी बरंचसं लागू पडेल.

हो म्हणायच्या आधी चार कागद मागा

तुम्हाला कमिटीवर बोलावलं की लोक आधी हार घालतात नि मग फोटो काढतात. हार घालून घ्या, पण त्याच दिवशी चार कागद मागा: संस्थेची घटना, परिशिष्ट एकचा उतारा (धर्मादाय ऑफिसातली संस्थेची नोंद), मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आणि प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांचं इतिवृत्त लिहायची वही. कुणी म्हणालं "अहो, विश्वास नाही का" तर म्हणायचं की विश्वास आहे म्हणूनच येतोय, कागद वाचायला हवेत.

आपल्याकडे अशा संस्था बहुतेक दोन ठिकाणी नोंदलेल्या असतात. एक १८६० चा सोसायटी कायदा, ज्याला कमीतकमी सात माणसं लागतात, आणि दुसरा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा, म्हणजे धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस. आमचा नंबर 'एफ' ने सुरू होतो तो त्यामुळेच, सोसायटी असलेल्या ट्रस्टला तो एफ मिळतो. याचा अर्थ असा की तुम्ही स्वतःला नुसते "कमिटी मेंबर" समजत असलात तरी कायद्याच्या नजरेत कार्यकारिणीतला माणूस विश्वस्तच असतो, हिशेबात घोळ निघाला तर मला माहीत नव्हतं असं म्हणून सुटता येत नाही.

परिशिष्ट एकवर संस्थेचे पदाधिकारी म्हणून कोणाची नावं आहेत ते बघा. आमचा उतारा मी पहिल्यांदा काढला तेव्हा नऊ नावांपैकी दोघं वारलेले, एकजण मुलीकडे नाशिकला कायमचा गेलेला आणि माझं नाव कुठेच नाही. म्हणजे तीन वर्षं मी खजिनदार म्हणून चेकवर सह्या करत होतो आणि सरकारदरबारी मी कोणीच नव्हतो. बँकेने केवायसी मागितली तेव्हा हे उघडं पडलं आणि पाच महिने खात्यातून एक रुपया काढता आला नाही. मी स्वतः बँकेतला माणूस, आता बोला. तर कमिटी बदलली की ९० दिवसांच्या आत त्या १९५० च्या कायद्याच्या कलम २२ खाली चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अर्ज, धर्मादाय ऑफिसात दाखल करायचा, उशीर झाला असेल तर सोबत विलंब माफीचा अर्ज जोडायचा. कंटाळवाणं काम आहे, वकील तारखा घेतो, पण हे झाल्याशिवाय पुढचं काही धड होत नाही.

घटना मात्र स्वतः वाचा, पूर्ण. कोरम किती, मुदत किती वर्षांची, सभासद कोण होऊ शकतो. आमच्या घटनेत उद्देशांच्या यादीत वृक्षारोपण होतं, व्यायामशाळा होती आणि रुग्णांच्या तक्रारी मांडणे हे कुठेच नव्हतं. कोणाच्या तरी संस्थेची घटना उतरवून काढलेली, दुसरं काय.

मीटिंगचा वार बघा

सुरुवातीला आमची मीटिंग दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी अकराला असायची, वाचनालयाच्या वरच्या खोलीत. कमिटीत दोन प्रत्यक्ष पेशंट होते, त्यातल्या एक मावशी कधीच यायच्या नाहीत. आम्ही म्हणायचो, त्यांना इंटरेस्ट नाही. एक वर्षाने एका सभासदाने विचारलं तेव्हा कळलं की मावशींचे वार मंगळवार, गुरुवार, शनिवार. अकरा वाजता त्या मशीनवर असतात! डायलिसिसच्या पेशंटच्या संघटनेने मीटिंग डायलिसिसच्या वेळेला ठेवलेली, आणि वर जिना. आणि हे आमच्यातल्या एकाच्याही लक्षात आलं नाही कारण मीटिंगला येणारे आम्ही सगळे धडधाकट.

निम्मे पेशंट सोमवार-बुधवार-शुक्रवार नि निम्मे मंगळवार-गुरुवार-शनिवार, म्हणून आता रविवारी चार वाजता, तळमजल्यावर, शाळेच्या वर्गात भरते. दोघांनी राजीनामे दिले, रविवार आमचा घरचा वार आहे म्हणाले. दिले तर दिले.

तर दुसरं पाऊल हे: कमिटीत निम्म्याहून जास्त लोक तो आजार अंगावर असलेले किंवा घरात रोज बघणारे पाहिजेत. बाकीच्यांत एखादा हिशेबाचा माणूस, एखादा कायदा कळणारा, एखादी शिक्षिका जिला चार ओळी नीट लिहिता येतात. डॉक्टरांना सल्लागार करा, अध्यक्ष करू नका. चांगले डॉक्टर असतात, आमच्याकडे आहेत, पण ते खुर्चीत बसले की समोरचा पेशंट "तसं ठीक आहे डॉक्टर" म्हणतो आणि गप्प होतो. आणि नगरसेवक, संचालक वगैरे मंडळींना पदावर घ्यायचा मोह होतो कारण त्यांचा फोन चालतो. त्यांना कार्यक्रमाला बोलवा.

नवीन पेशंट सभासद आला की त्याला पहिल्या दोन मीटिंग कुणाच्या तरी शेजारी बसवा, जो हळूच सांगेल की ठराव म्हणजे काय, सूचक-अनुमोदक कशाला लागतो. मावशी आता मीटिंगला येतात, त्यांना वाचता फारसं येत नाही, म्हणून अजेंडा आदल्या दिवशी व्हॉइस मेसेज करून पाठवतो. या व्हॉइस मेसेजचा बाकीच्यांनाही फायदा झाला, कारण कागद कोणीच वाचत नव्हतं हे तेव्हा कळलं.

ऐकायला बसा, पेटी लावू नका

आम्ही आधी तक्रारपेटी लावली. निळी, कुलूपवाली, उद्घाटनाला नारळ फोडला. दोन महिन्यांनी उघडली तर आत एसटीची तिकिटं, गुटख्याची दोन पाकिटं आणि मेडिकलच्या बिलाच्या मागे लिहिलेली एकच तक्रार, तीसुद्धा पार्किंगची. लोक लिहून देत नाहीत. आत मशीनवर आपला माणूस आहे आणि सुई टोचणारी सिस्टर तीच आहे, कोण लिहील?

मग बाकावरच बसायचं ठरलं. कमिटीतल्या प्रत्येकाने महिन्यातून दोन तास बाकावर बसायचं, हातात वही, ओळखपत्र गळ्यात, आणि आपण कोण ते आधी सांगायचं. वैद्यकीय अधीक्षकांना पत्र देऊन कळवायचं की आम्ही बसतो, चोरून काही नाही. वहीत चार रकाने: तारीख, काय झालं, कधीपासून होतंय, माणसाला काय हवंय. नाव लिहायचं नाही. चौथा रकाना महत्त्वाचा आहे, कारण आपण मनाने ठरवतो की याला नुकसानभरपाई पाहिजे असणार आणि त्याला फक्त एवढंच पाहिजे असतं की मशीनवरून लवकर का काढलं ते कुणीतरी सांगावं.

वहीत काय येतं त्याचा एक नमुना सांगतो. बायकांच्या संडासाला आतून कडी नव्हती. पुरुषांना हे माहीतच नाही. बायका दोघी दोघी जायच्या, एक बाहेर दार धरून उभी. लांबच्या वाडीवरून एकट्या आलेल्या बायका मग सकाळपासून पाणीच पीत नव्हत्या. ही नोंद आमच्या कमिटीतल्या एका ताईंच्या वहीत आली, माझ्या वहीत कधीच आली नसती. म्हणून बसायला बायकाही पाहिजेत, आणि सकाळच्या पाळीला वेगळं माणूस नि संध्याकाळच्या पाळीला वेगळं.

कडी चाळीस रुपयांची. ती बसायला चार महिने लागले, ते पुढे सांगतो.

"दादा, एक फोन करा ना"

आता मुख्य मुद्दा, यासाठीच हे लिहायला घेतलं.

तुम्ही कमिटीवर आलात की फोन सुरू होतात. अमुक हॉस्पिटलने एवढं बिल लावलंय, डिस्चार्ज देत नाहीत, तुम्ही एक फोन करा. मीही केला. माझ्या चुलत मेव्हण्याचं बिल होतं, गावातल्या एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलचं, मी सचिव म्हणून बोलतोय म्हणालो आणि बिल अठरा हजारांनी कमी झालं. काय भारी वाटलं म्हणून सांगू, घरी पेढे आले. महिन्याभरात रोज सातआठ फोन. आणि मग त्याच हॉस्पिटलच्या पीआरओचा मला फोन: "काका, तुमच्या माणसाचं आपण केलं ना, आता ते दरफलकाचं पत्र दिलंय तुम्ही, ते जरा सबुरीनं घ्या."

झालं. माझं तोंड अठरा हजारांत बंद झालं होतं आणि मला ते पेढे खाताना कळलंच नव्हतं.

फोन करून बिल कमी करणं म्हणजे मेहेरबानी मागणं, आणि मेहेरबानी घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी हक्काची भाषा बोलू शकत नाही. शिवाय ज्याला तुमचा नंबर माहीत नाही त्याचं काय? त्याने पूर्ण बिल भरलं, कदाचित आपल्या सवलतीचं पण. मी हे मीटिंगमध्ये सांगितलं, लाज वाटली पण सांगितलं, आणि ठराव झाला की कमिटीतल्या कोणीही व्यक्तिगत बिलासाठी हॉस्पिटलला फोन करायचा नाही. नातेवाइकांसाठी तर नाहीच.

मग फोन आला की काय करायचं? हात झटकायचे नाहीत, रस्ता दाखवायचा. आम्ही एक पान तयार केलंय ते प्रत्येकाच्या खिशात असतं. क्रम असा:

आधी विचारायचं, पेशंट आत्ता कसा आहे. इमर्जन्सी असेल तर बाकी सगळं नंतर.

मग विचारायचं, हॉस्पिटल कुठल्या प्रकारचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तिथे आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो, आधी त्याच्याकडे पाठवा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. २०२४ च्या जुलैपासून या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण कोणता उपचार यादीत बसतो ते आरोग्यमित्राकडूनच कळतं आणि ॲडमिट होतानाच विचारावं लागतं, डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नसतो.

धर्मादाय हॉस्पिटल, म्हणजे ट्रस्टने चालवलेलं, असेल तर त्याच १९५० च्या कायद्याचं कलम ४१ एए लागू होतं. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना आहे: १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि त्यासाठी हॉस्पिटलने एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची. उत्पन्नाची मर्यादा निर्धनसाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बलसाठी ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं. इमर्जन्सीत डिपॉझिट मागता येत नाही, हे लोकांना माहीतच नसतं. तिथल्या समाजसेवकाला भेटायला सांगायचं आणि अर्ज लेखी द्यायला सांगायचा, पोच घ्यायला सांगायचं. पोच, पोच, पोच.

साधं खाजगी असेल तर दरफलक लावलाय का ते बघायला सांगा. जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह, म्हणजे खाजगी हॉस्पिटल, नोंदणीचे नियम बदलले, त्यात १५ प्रकारच्या सेवांचे दर आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे, तक्रारीची सोय ठेवायची आहे, आणि बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. दर किती असावा हे मात्र त्या नियमांत नाही, तेव्हा उगाच आशा दाखवू नका. दुसरं, केसपेपर मागायचे असतील तर लेखी मागा, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ७२ तासांत द्यावे लागतात.

एवढं सांगून झालं की फोन ठेवायच्या आधी वहीत नोंद. हॉस्पिटल कोणतं, अडचण कसली. बास. सहा महिन्यांनी या नोंदी मोजल्या तेव्हा ३१ पैकी १९ फोन एकाच प्रकारचे निघाले: योजनेत बसणारा उपचार असूनही बाहेरून औषधं आणायला लावली. हे एकेका फोनवर कधीच दिसलं नसतं.

तक्रारीतून मागणी कशी तयार करायची

वही भरली की कमिटीचं खरं काम सुरू होतं. मीटिंगमध्ये एकच गोष्ट निवडायची. आम्ही पहिल्या वर्षी अकरा मागण्यांचं निवेदन दिलं, साहेबांनी हसून घेतलं, फोटो पेपरात आला, एकही झाली नाही. दुसऱ्या वर्षी एकच धरली: मशीनवरून लवकर काढतात. दोन महिन्यांत वहीत २३ नोंदी, सगळ्या तारीखवार नि वेळेसकट. सहा मशीनपैकी दोन बंद होती, म्हणून चौघांच्या जागी सहाजण बसवायला प्रत्येकाची वेळ कापली जात होती. सिस्टर वाईट नव्हत्या, त्या बिचाऱ्या जमेल तसं जुळवत होत्या.

मग माहितीचा अधिकार. इथे एक टीप: अर्ज संस्थेच्या लेटरहेडवर करू नका, नागरिक म्हणून स्वतःच्या नावाने करा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. आपल्या राज्यात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो. आम्ही तीन गोष्टी विचारल्या, मशीन कोणत्या तारखांना बंद होती, दुरुस्तीसाठी कोणाला कधी लिहिलं आणि रुग्ण कल्याण समितीच्या बैठकींची इतिवृत्तं. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. आम्हाला अपील केल्यावर मिळालं.

रुग्ण कल्याण समिती ही सरकारी दवाखान्याची स्वतःची समिती आहे, तिच्याकडे थोडा निधी असतो, छोट्या दुरुस्त्या त्यातून होतात. तिथे आपला माणूस निमंत्रित म्हणून गेला तर उत्तम, पण गेल्यावर एकच काम: आपला मुद्दा इतिवृत्तात लिहिला गेला की नाही ते बघायचं. संडासाच्या कडीचं असंच झालं. तीन बैठकांत सगळे "हो हो, करून घेऊ" म्हणाले, लिहिलं कोणीच नाही. चौथ्या बैठकीत आमच्या ताई म्हणाल्या, "साहेब, आधी लिहा, मग पुढच्या विषयाला जाऊ." आठ दिवसांत कडी बसली.

मोठ्या पातळीवर हे कसं करतात ते बघायचं असेल तर लोकाधारित देखरेखीचं काम कसं झालं त्याची माहिती काढा. २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ते सुरू झालं, आधी पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि तेव्हाचं उस्मानाबाद अशा पाच जिल्ह्यांत, पुण्याची 'साथी' ही संस्था राज्यभराचा समन्वय बघत होती. गावातले लोक आपल्या आरोग्य केंद्राचं प्रगतीपुस्तक भरायचे, हिरवा, पिवळा, लाल अशा रंगांत, आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते वाचलं जायचं. त्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे चांगलं झालं तर हिरवा रंगही द्यायचा. आम्हीही पत्रात आता एक ओळ चांगल्याची लिहितो, खरी असेल तरच. अधीक्षक पत्र पूर्ण वाचतात त्याने.

मशीनचं काय झालं? एक सात आठवड्यांनी दुरुस्त झालं. दुसऱ्यावर अजून "बंद" असा कागद चिकटवलेला आहे, कागद तेवढा दोनदा बदलला.

गर्दी आणि मोबाइल

पेशंट दगावला की चाळीस माणसं जमतात आणि कोणीतरी म्हणतं, संघटनेला बोलवा. जायचं नाही. म्हणजे नातेवाइकांजवळ बसायला एकाने जावं, पाणी द्यावं, केसपेपरचा अर्ज लिहून द्यावा, पण काउंटरवर आवाज चढवायला नाही. २०१० च्या कायद्याने डॉक्टर-नर्सवर हल्ला किंवा दवाखान्याची तोडफोड केली तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे, गुन्हा अजामीनपात्र. आणि बिलावरून "मिटवून घेऊ" असं कमिटीतला कोणी बोलला की खंडणीची तक्रार व्हायला वेळ लागत नाही. आमच्या भागात रुग्णांच्या नावाने असे धंदे करणारे आहेत, हॉस्पिटलवाल्यांना सगळ्यांचाच संशय येतो, त्यांचंही चूक नाही. म्हणून हॉस्पिटलमध्ये बोलायला नेहमी दोघांनी जायचं, वेळ घेऊन, आणि परत आल्यावर काय बोलणं झालं ते त्याच दिवशी मेलने पाठवायचं.

व्हॉट्सॲप ग्रुपचं सांगायलाच हवं. मदतीच्या नावाखाली लोक रिपोर्ट, आधार, पेशंटचा नळ्या लावलेला फोटो सरळ ग्रुपवर टाकतात. आमच्या ग्रुपवर एकाने एका मुलीचा टीबीचा रिपोर्ट टाकला, नावासकट, चांगल्या हेतूने, औषध मिळेना म्हणून. ग्रुपवर तिच्या होणाऱ्या सासरचे दोघं होते. पुढचं लिहीत नाही.

त्या दिवसापासून ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहू शकतात, कागदपत्रं एकाच नंबरवर घेतो, काम झालं की डिलीट. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा स्वतंत्र कायदाच आहे, परवानगीशिवाय कुणाचं स्टेटस सांगता येत नाही. चेक देतानाचे, फळं वाटतानाचे फोटो आम्ही बंद केले. एक देणगीदार त्यामुळे नाराज झाले.

पैसा

बँक खात्यावर तीनपैकी दोन सह्या, आणि त्या दोघांत नातं नको. कोरे चेक सही करून ठेवायचे नाहीत, खजिनदार गावाला गेला तर जाऊ दे, बिल चार दिवस थांबतं. रोख देणगी शक्यतो नकोच, देणगीदाराला आयकरात मिळणारी सवलत (जुन्या कायद्यातलं ८० जी) तशीही २ हजारांवरच्या रोखीला मिळत नाही. पावतीपुस्तकाचा नंबर लिहून ठेवा, अर्धी पावतीपुस्तकं कुणाच्या घरी पडलेली असतात.

मार्चअखेर हिशेब बंद, सप्टेंबरच्या आत ऑडिट. आयकराची नोंदणी कायमची नसते, मुदत संपायच्या सहा महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो, ती तारीख मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे, कलमांचे नि फॉर्मचे नंबर बदललेत, त्यामुळे जुने नंबर पाठ असलेल्याचं ऐकू नका, सीएला विचारा. आणि पैसे कमी पडले म्हणून कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. कमिटीतल्या कोणी हातउसने दिले तरी हिशेबात ते कर्जच दिसतं. आमच्या अध्यक्षांनी एकदा प्रेमाने वीस हजार घातले होते, ऑडिटरने जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर द्यायला दोन मीटिंग गेल्या.

कोणाकडून घ्यायचे नाहीत हे आधी ठरवा. ज्यांच्याबद्दल वहीत नोंदी येतात त्यांच्याकडून नाही, मग ती शिबिराची बॅनर का असेना. औषध कंपनी, लॅब, डायलिसिसचं सामान विकणारे, हे सगळे प्रेमाने येतात. दरवर्षी एप्रिलच्या मीटिंगमध्ये प्रत्येकाने एका कागदावर लिहून द्यायचं की माझं किंवा घरच्या कोणाचं मेडिकल दुकान, लॅब, ॲम्ब्युलन्स, हॉस्पिटलमध्ये नोकरी आहे का. असलं तर काही पाप नाही, त्या विषयाच्या वेळी बाहेर जाऊन चहा प्यायचा आणि तसं प्रोसिडिंगमध्ये लिहायचं. आमच्या एका सभासदाच्या भाच्याचं रुग्णालयासमोर मेडिकल आहे. बाहेरून औषधं आणायला लावण्याचा विषय निघाला की तो स्वतःच उठतो, आम्ही हसतो, पण तो उठतो.

पगारी माणूस असेल तर

आमच्याकडे एक ताई अर्धवेळ आहेत. सुरुवातीला कमिटीतले नऊच्या नऊजण त्यांना काम सांगायचे, एक म्हणायचा टाइप करून द्या, दुसरा म्हणायचा कलेक्टर ऑफिसला जा, तिसरा घरचं लाइट बिल भरायला सांगायचा, खरंच. त्या सोडून जायला निघाल्या तेव्हा ठरवलं की काम फक्त सचिव सांगेल आणि कमिटीने महिन्यातून एकदा एक पानी अहवाल बघून प्रश्न विचारायचे. पगार पाच तारखेला खात्यावर. फुकट काम करणाऱ्या आपल्या लोकांना कधीकधी वाटतं की तिनेही थोडं समाजकार्य म्हणून करावं. तिला घरभाडं आहे.

पायउतार होताना

घटनेत असो नसो, दोन मुदतींनंतर थांबा. मी पुढच्या मार्चमध्ये थांबतोय. बायको जाऊन तीन वर्षं झाली, बाकावर आता माझं कोणी नाही, आणि नव्या मशीनवर काय त्रास होतो ते मला ऐकूनच कळतं. सचिव म्हणून मावशींच्या मुलीचं नाव पुढे आहे, ती आईला सोडायला येते तेव्हा वही घेऊन बसते.

जाताना द्यायच्या गोष्टींची यादी मी आत्तापासून करतोय: मेलचा पासवर्ड, धर्मादायच्या वेबसाइटचा लॉगिन ज्याचा ओटीपी अजून माझ्याच मोबाइलवर येतो, कपाटाची किल्ली, शिक्का, चार पावतीपुस्तकं आणि बाकावरच्या सतरा वह्या. चेंज रिपोर्टच्या अर्जावर माझी सही आधीच करून ठेवलीय, तारीख तेवढी टाकायची राहिलीय.